डिचोली, पेडणे आणि दादाची बिडी

बेळगावातून गोव्याला निघालेल्या गाडीत सामान किती आणि माणसे किती, याचा हिशेब कधीच जुळत नाही. दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा मागच्या सीटवर वहिनीच्या कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणी, ताकाची बरणी, माझी अकरावीतली लेक आणि निपाणीहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेला माझा थोरला भाऊ अशी दाटी होती. दादाच्या शर्टाच्या खिशात पेनासारखी एक काळी नळी होती. तिला व्हेप म्हणतात. बिडी-सिगारेट जळते, ही जळत नाही. आतला निकोटीनचा द्रव तापून त्याची वाफ होते आणि ती ओढायची. प्रवासवर्णनात या नळीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण यंदा डिचोली आणि पेडणे आम्ही पाहिले ते बरेचसे तिच्यामुळेच.

आधी दादाचे सांगते. आम्ही निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. संध्याकाळी परतली की आम्हांला जवळ घेण्याआधी न्हाणीत जायची, कारण लुगड्याला खकाणा असायचा आणि आम्हांला ठसका लागायचा. वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, त्यांच्यावर युगांतर या गटाने १९८२ मध्ये माहितीपट काढला. त्याच्या आदल्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले, हे निपाणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. अशा घरात बिडीला कुणी व्यसन म्हणत नसे. दादा सतराव्या वर्षी ओढू लागला आणि पुढची चाळीस वर्षे दिवसाला दोन कट्टे. वहिनी चिकोडीकडची, कन्नड घरातली. "बिडी सेदबॅडरी" हे तिचे वाक्य लग्नाइतकेच जुने आहे.

माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, इंग्लंडमध्ये नोकरीला. मे महिन्यात आला तेव्हा बापासाठी ही नळी घेऊन आला. (भाचा म्हटले खरे, पण भावाचा मुलगा तो भाचाच, आमच्याकडे पुतण्या म्हणत नाहीत एवढ्यासाठी खुलासा.) तिकडे २०२३ मध्ये सरकारनेच दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेप देऊन सिगारेट सोडवण्याची योजना जाहीर केली होती. दादाने आधी हसण्यावारी नेले. मग एक दिवस कट्टा उघडलाच नाही. सहा महिने बिडी नाही. पहाटेचा त्याचा खोकला, ज्यावर शेजारचे घड्याळ लावत, तो कमी झाला.

जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरायला लागलो तेव्हा धुके नव्हते, पण गारवा होता. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो. मलप्रभा इथे उगम पावते. वहिनीने हात जोडले, कारण माहेरच्या रानाला पाणी द्यायचे काम नदीच करते, कुठली का असेना, असे तिचे म्हणणे. घाटात एका वळणावर चहाच्या टपरीमागे गुटख्याच्या रिकाम्या पुड्यांचा खच पडला होता. गोव्याने गुटखा २००५ मध्ये बंद केला, महाराष्ट्राने २०१२ मध्ये, कर्नाटकाने २०१३ मध्ये. तीन राज्यांच्या वेशीवर तिन्ही बंद्यांचा कचरा एकाच ठिकाणी पाहायला मिळाला. आता पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते. गिऱ्हाईक तोंडात एकत्र करते.

साखळीहून डिचोलीला पोचेपर्यंत भुका लागल्या. बाजारात पातळभाजी, पाव आणि मिरचीभजी खाल्ली. गोव्याच्या या भागात आल्यावर आपण परगावी आलो असे वाटतच नाही. डिचोली आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटी, नव्या काबिजादीत. तोपर्यंत सगे-सोयरे, देव आणि बाजार सगळे घाटाशी आणि वाडीशी बांधलेले होते. दुकानावरच्या पाट्या मराठीत, गल्ल्यावरचा माणूस कोकणीत बोलणार, वहिनी कन्नडमध्ये भाव करणार आणि सौदा ठरणार.

खाऊन झाल्यावर दादा दुकानापासून दूर, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला जाऊन नळी ओढू लागला. बाकड्यावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हांगा ओडूं नाकात." रागाने नव्हे. दादाने लगेच खिशात टाकली. मग गप्पा सुरू झाल्या. ते खाणीच्या ट्रकवर चालक होते. २०१८ मध्ये खाणी थांबल्या तोपर्यंत लाल धुळीत दिवस काढलेले. "आमच्या फुफ्फुसातली धूळ कुणी दंड लावून थांबवली नाही," असे ते कोकणीत म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले की पंचायतींनी, पालिकेने ही वाफेची नळी रस्त्यावर ओढायला बंदी घालून पावती फाडली पाहिजे. एकाच दमात दोन्ही! मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला, पण वयाचा मान ठेवला. तो वाद आता इथे घालते.

कायदा काय आहे ते आधी पाहू. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणे यांच्याविरुद्ध गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला, देशाने करायच्या आधी. २००३ च्या केंद्रीय कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखू ओढणे. उल्लंघनाला दोनशे रुपयांपर्यंत दंड. आपल्या कर्नाटकाने तो २०२५ मध्ये हजार रुपये केला, तेव्हा घाट चढताना-उतरताना बिडीची किंमत बदलते असे समजा. व्हेपमध्ये तंबाखूचे पान जळत नाही, म्हणून ती या व्याख्येत नीट बसत नाही. तिच्यासाठी २०१९ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यात बनवणे, आणणे, विकणे, साठवणे, जाहिरात करणे हे सगळे गुन्हे आहेत. साठवणे सोडून बाकीच्यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणे मात्र गुन्हा नाही. म्हणजे भाच्याने ती आणली तोच गुन्हा होता, हे आम्हांला नंतर समजले. ते लपवून काय उपयोग?

डिचोलीच्या गृहस्थांना हवी होती ती उरलेली फट बुजवणारी बंदी. मला ती नको आहे, आणि त्याचे कारण मला पेडण्यात मिळाले.

नार्व्याला सप्तकोटीश्वराचे दर्शन घेऊन आम्ही पेडण्याकडे वळलो. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये हे देऊळ पुन्हा उभारले. लेकीला तिथल्या दीपमाळेचे चित्र काढायचे होते, त्यात तासभर गेला आणि तो सार्थकी लागला. पेडण्यात भगवतीच्या देवळासमोरचे दोन भले मोठे हत्ती पाहून तिने वही पुन्हा काढली. गावाच्या डोक्यावर आता मोपाची विमाने घरघरतात. २०२३ च्या जानेवारीपासून हा विमानतळ सुरू आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे विमानतळावर, तीस खोल्यांच्या हॉटेलात, तीस माणसे बसतील अशा उपाहारगृहात धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते. ज्याच्याजवळ विमानाचे तिकीट आहे त्याची सोय कायद्याने केली आहे. ज्याच्याजवळ एसटीचे आहे, त्याने रस्त्यावर जायचे.

किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव लिहीत नाही) संध्याकाळी वाळूवर बसलो होतो. समोर परदेशी पाहुण्यांचा एक घोळका होता. त्यांच्यातल्या तिघांच्या हातात अशाच नळ्या, रंगीत. वाळूत फुटक्या बाटल्यांच्या काचा. उघड्यावर दारू पिणाऱ्याला दोन हजारांचा दंड, असा पर्यटनस्थळांचा कायदा गोव्याने २०१९ मध्ये कडक केला, तरी लेकीला चप्पल काढू देण्याची माझी हिंमत झाली नाही. दादा आमच्यापासून बराच दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन ओढत होता. गळ्यात कसलेसे ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला. घोळक्याजवळून तो सरळ पुढे गेला आणि धोतर-टोपीतल्या दादापाशी थांबला. ही वस्तू बेकायदा आहे, चौकीवर यावे लागेल, नाहीतर पाचशे द्या. पावती? पावती नाही. दादाने पाचशे दिले आणि नळीही देऊन टाकली. वहिनी मागून "होगली बिडरी, होगली बिडरी" म्हणत राहिली. तो गेल्यावर दादा उठला, रस्त्यावरच्या टपरीवर गेला आणि बिडीचा कट्टा घेऊन आला. तो विकायला कसलीच आडकाठी नव्हती.

ओढणे गुन्हा नाही, तरीही पाचशे गेले. उद्या प्रत्येक पंचायतीने दंडाचा ठराव केला तर त्या तरुणाला पावतीपुस्तक मिळेल, एवढाच फरक. पकडला जाणार तो धोतरातलाच. विकणारा मात्र तिथेच असणार, कारण त्याला पकडायला पंचायतीचा ठराव लागत नाही, २०१९ चा कायदा पुरेसा आहे आणि तो वापरायला कष्ट पडतात. व्हेप निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. निकोटीनची सवय लागते, आणि वीस-तीस वर्षांनंतर काय होते हे अजून कुणी पाहिलेले नाही. पण जळण्यातून येणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड बिडीत असते तसे तिच्यात नसते. आणि सिगारेट सोडायला ती निकोटीनच्या पट्टी-च्युइंगमपेक्षा जास्त जणांना उपयोगी पडते, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासून २०२२ मध्ये काढला. दवाखान्यात, शाळेच्या आवारात, बसमध्ये, देवळात नको, हे दादालाही मान्य आहे. उघड्या वाळूवर, कुणाच्या नाकाशी नाही, तिथे दंड कशासाठी?

रात्री खोलीवर लेकीने मला अडवले. "आई, आमच्या वर्गात दोघींच्या दप्तरात आहे. स्ट्रॉबेरीची. मामाला चालते तर त्यांना का नाही?" माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. मी म्हणाले, मामाने चाळीस वर्षे बिडी ओढली, त्या दोघींनी एकही नाही. तिला ते अर्धेच पटले असावे. मलाही भीती तिथेच आहे. पण त्या स्ट्रॉबेरीवाल्या मुलींना पेडण्याच्या किनाऱ्यावरची पाटी काय करणार? त्यांना ती कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणीतरी विकली. त्याच्यापर्यंत कुणी जात नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के, कर्नाटकात २२.८ टक्के आणि गोव्यात ९.७ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. घरातल्या माणसांनी डोळे वटारल्याचा हा परिणाम की पाट्यांचा, हे डिचोलीच्या त्या आजोबांकडे पाहून मला वाटते मी सांगू शकते. त्यांनी एकदा म्हटले आणि दादाने खिशात टाकली. पाचशे लागले नाहीत.

परतताना सावंतवाडी, आंबोलीमार्गे आलो. आंबोलीला दादा गाडीतून उतरला, तेव्हा वहिनीही उतरली आणि तो बिडी संपवेपर्यंत शेजारी उभी राहिली. खोकला घाटातच परत सुरू झाला होता. नवी नळी मागवायची नाही, असे त्यानेच भाच्याला फोनवर सांगितले; म्हातारपणी चौकी नको. मग लेकीने १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून दिला. दोनदा बोलला आहे. वहिनी रोज रात्री कट्टा उघडून उरलेल्या मोजते आणि मला फोन करते. काल दिवसभरात अकरा झाल्या होत्या.