एनए प्लॉट आणि चारशे पोती

परवा वीकेंडला धाराशिवला गेलो होतो. बाबांनी तुळजापूर रोडला एनए प्लॉट घेतलाय, हजार स्क्वेअर फुटांचं घर बांधायचंय. मिस्त्री म्हणाला, "चारशे पोती धरा." रात्री सवयीने एक्सेल उघडलं. ४०० पोती म्हणजे २० टन सिमेंट, आणि त्यापायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड ढोबळमानाने १२ टनांच्या वरच! त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नाही, भट्टीत तापणाऱ्या चुनखडीतूनच सुटतो. म्हणजे भट्टी सोलरवर चालवली तरी तो सुटणारच.

म्हटलं, आजीच्या घरासारखं दगडमातीचं, माळवदाचं बांधू. उन्हाळ्यात पंखाही लागत नसे.

बाबा शांतपणे म्हणाले, "सास्तूरला ढिगारे उपसलेत मी."

३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे माणसं गेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखालीच. मी गप्प.

मग मधला रस्ता काढला. कॉलम-बीम भूकंपाच्या हिशोबाने, तिथे काटकसर नाही. सिमेंट मात्र पीपीसी. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्राची राख असते. विटाही राखेच्याच, न भाजलेल्या. परळी काही फार लांब नाही.

सगळ्यात मोठी बचत मात्र आईने सुचवली. "तू पुण्यात. आम्हा दोघांना हजार कशाला? सातशे बास की!"

एका वाक्यात १२० पोती कमी! एक्सेलमध्ये क्षेत्रफळाचा तेवढा एकच आकडा मी लॉक करून ठेवला होता.