काळ्या रेघांचे ओढे

सर्व्हे ऑफ इंडियाच्या चार शीट वडिलांनी कापडावर चिकटवून घेतल्या होत्या. एका इंचाला एक मैल, कोपऱ्यात शीटचा क्रमांक ४७ ई. पसरल्या की खाट भरायची. एका अंगाला माहुली, दुसऱ्या अंगाला नाणेघाट नि माळशेज, वर आजा पर्वत. पन्नास-पन्नास फुटांच्या तपकिरी समोच्च रेषा सह्याद्रीच्या कड्यापाशी इतक्या दाटतात की कागद मातकट दिसतो.

कॉलेजात डोंगरांचं वेड लागलं नि नकाशा माझ्या पाठपिशवीत आला. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना त्यावरची तुटक रेघ पायाखाली सापडायची. सातवाहनांच्या काळात या वाटेवरून कल्याण–जुन्नरचा व्यापार चालला, हे माहीत असल्याने ती बारीक रेघ मला फार मोठी वाटे.

पुढे नोकरीसाठी मुंबईत राहिलो आणि मला नकाशातले रंग दिसू लागले. बारमाही पाणी निळं, उन्हाळ्यात आटणारं काळं. आमच्या शहापूर-मुरबाडचे बहुतेक ओढे काळे आहेत. चार महिने धो धो पाऊस, पण उतार तीव्र नि खाली काळा कातळ. पाणी थांबतच नाही. पश्चिम कडेला मात्र ठसठशीत निळा तानसा तलाव, १८९२ सालचा, मुंबईसाठी बांधलेला. भातसा धरण या कागदावर नाही. तिथे भातसा आणि चोरणा नद्या अजून मोकळ्या वाहतात, काठच्या वाड्यांसकट. आता ते खोरं पाण्याखाली आहे आणि तेच पाणी माझ्या मुंबईच्या नळाला यायचं. धरणांच्या या शहापूर तालुक्यात मे महिन्यात पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे मला कधीच पटलेलं नाही.

निवृत्तीनंतर गावी परतलो. एका ठाकरवाडीत नकाशा उघडला, तेव्हा एका आजीबाईंनी ओढ्याचं वळण ओळखून काळ्या रेघेवर बोट ठेवलं. “हितं डवरा खणतो आमी. मे सरेपर्यंत पानी निघतं.” वाळूतला तो खड्डा कुठल्याच मोजणीत नाही. मी तिथे निळ्या पेन्सिलीने टिंब काढलं. मग इतर बायकाही सांगू लागल्या.

आता काळू नदीच्या बाजूचे डवरे नोंदवतोय. त्या नदीवरच्या धरणाचं काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं, तरी मुरबाडच्या गावांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. त्या गावांचं पाणी कुठे आहे, हे तिथल्या बायकांच्या तोंडून कागदावर उतरायला हवं, आणि तेही पुढची कुठलीही आखणी होण्याआधी.