पाळोळ्याच्या किनाऱ्यावर होडी लोटताना

मडगावहून कारवारच्या रस्त्याने निघून करमल घाट उतरला, की हवेत खारटपणा जाणवू लागतो. चावडी हे काणकोण तालुक्याचे मुख्य गाव. तेथून पाळोळे दोन-तीन किलोमीटरांवर. पाळोळे म्हटले, की आता लोकांच्या डोळ्यांपुढे परदेशी पाहुणे आणि माडांखालच्या झोपड्या उभ्या राहतात. आम्हांस मात्र हे गाव निराळ्या कारणाने ठाऊक. तरुणपणी या तालुक्यातील एका शाळेत आम्ही सहा वर्षे मराठी शिकविले. मासे पकडून पहाटे परतलेली मुले पहिल्या तासाला डोळे चोळीत बसत. त्यांना आम्ही क्वचितच रागावलो असू.

त्यांपैकी एकाचा ऑगस्ट २०२४ मध्ये फोन आला. "सर, पुनवेला या. होडी लोटायची आहे. बाईंनाही आणा." नारळी पौर्णिमा सोमवारी, १९ तारखेस होती. एक दिवसाची किरकोळ रजा टाकून आम्ही सपत्नीक रविवारीच तेथे जाऊन थडकलो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर असते. लहान पारंपरिक होड्यांना तीत सवलत असते. पण पावसाळी समुद्र कोणालाच सवलत देत नाही. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस होड्या वाळूवर ओढून, माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली झाकून ठेवतात. श्रावणात समुद्र जरासा निवला, की त्यांना पुन्हा पाण्यात लोटावयाचे. जी होडी पुढे कित्येक महिने खोल पाण्यात निर्धास्त हिंडते, तिला खरा धोका असतो तो वाळू आणि पाणी यांमधल्या या पन्नास पावलांत. आम्ही इतकी वर्षे किनाऱ्याच्या आसपास राहिलो, पण ही गोष्ट आम्हांस या वेळी प्रथमच नीट उमगली.

पाळोळ्याचा किनारा कोयरीसारखा वळलेला आहे. उत्तर टोकाला काणकोण बेट आहे, ओहोटीच्या वेळी तेथवर पायी जाता येते. बेट आणि डोंगराची टोके यांमुळे लाटांचा जोर आतल्या बाजूस बराच मोडतो. उलट, उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या आगोंदच्या मोकळ्या किनाऱ्यावर लाट सरळ येऊन आपटते. "आगोंदला होडी लोटणारा पाळोळ्याला झोपेतही लोटील, पाळोळ्याच्याने मात्र तिकडे जाताना जागे राहावे," असे विद्यार्थ्याचे मामा म्हणाले. मामा सत्तरीच्या पुढचे, जुने तांडेल. आम्हांला ते 'मास्तर' म्हणत आणि आमच्या प्रत्येक प्रश्नाला आधी थोडे हसून मग उत्तर देत.

रविवारी संध्याकाळी होडीची तपासणी चालली होती. होड्या दोन होत्या. मामांची जुनी लाकडी, उलांडीची; आणि विद्यार्थ्याची फायबरची, मागे ९.९ अश्वशक्तीचे इंजिन बसविलेली. लाकडी होडीविषयी नवखे मालक जी चूक करतात ती अशी : दोन-अडीच महिने कोरड्या वाळूवर पडून लाकूड आक्रसते, फळ्यांच्या सांध्यांतील फट रुंदावते. दिसायला होडी धडधाकट, रंग नवा. आणि पाण्यात गेली की तासाभरात घोट्याएवढे पाणी आत! मामा सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून बसवितात, काजूच्या सालींचे तेल लाकडास पाजतात, आणि लोटण्याआधी चार दिवस रोज होडीत घागरीने पाणी ओततात. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि फटी आपोआप मिटतात. "तहानलेल्या होडीला समुद्राचे पाणी पाजू नये, आधी घरचे पाजावे," हे त्यांचे शब्द.

फायबरच्या होडीला ही तहान नाही. पण तिला दुसरेच दुखणे आहे. आत साचलेले पावसाचे पाणी काढून टाकण्यासाठी मागच्या बाजूस, अगदी तळाशी, एक भोक असते. पावसाळाभर ते उघडेच ठेवावे लागते. लोटण्यापूर्वी त्याला बुच लावावयाचे. एवढीशी गोष्ट, पण होडी बुडण्याच्या कारणांत हे विसरलेले बुच जगभर बदनाम आहे. जाळे, बर्फ, तेल, डबा या साऱ्यांची आठवण राहते, आणि अंगठ्याएवढे बुच तेवढे राहून जाते. आमच्या विद्यार्थ्याने यावर शोधलेला उपाय आमच्या सौभाग्यवतींना फार आवडला. होडी वर काढली, की तो बुच आपल्या घरच्या देव्हाऱ्यात ठेवतो. लोटण्याच्या दिवशी देवाला नमस्कार केल्याखेरीज तो घराबाहेर पडत नाही, आणि नमस्कार करावयाचा तर बुच दिसतेच.

रात्री जेवणानंतर ओटीवर गप्पा निघाल्या. विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला क्रूसोची होडी सांगितली होती. ती माझ्या डोक्यातून गेली नाही." आम्हांला मनातून बरे वाटले. डॅनियल डीफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) अवांतर वाचनाच्या तासाला आम्ही मुलांना सांगत असू. निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो मोठा देवदार पाडतो, कित्येक महिने राबून सव्वीस माणसे बसतील एवढी होडी कोरतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते, की पाणी शंभर यार्डांवर आहे आणि होडी तसूभरही हलत नाही. कालवा खणून पाणीच होडीपर्यंत आणावे, तर एकट्याला दहा-बारा वर्षे लागतील! वर्गात मुले खो खो हसत. "मीही हसलो होतो," विद्यार्थी म्हणाला, "पण २०१९ साली मी त्याच्याहून मोठा मूर्ख ठरलो."

त्या साली त्याने कर्ज काढून ही होडी आणि इंजिन घेतले. हप्त्यापुढे कमी पडलेल्या रकमेसाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ऑगस्टचा पहिला आठवडा, शेजारच्यांच्या होड्या निघालेल्या, हा उतावीळ. मामा तापाने घरी. ओहोटी लागलेली असताना तिघा मित्रांना घेऊन त्याने होडी लोटली. पाणी गुडघ्याएवढे होताच तिघेही एकाच बाजूने आत चढले आणि याने इंजिन खाली सोडले. पंखा वाळूत रुतला. रुतलेल्या पंख्याभोवती होडी गर्रकन फिरून लाटेला आडवी झाली. पहिल्या लाटेने ती भरली, दुसरीने कलंडली. माणसे वाचली, पाणी कमरेएवढेच होते; पण इंजिनात खारे पाणी शिरले आणि जाळे होडीखाली गुंडाळले गेले. इंजिन लगेच गोड्या पाण्याने धुऊन उघडावे लागते, हेही त्याला ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी दुरुस्तीवाल्याकडे नेले तेव्हा आतले भाग धरून बसले होते. पुढची तीन वर्षे त्याने दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने काम करून हप्ते भरले.

हे सांगताना त्याची पत्नी दारात उभी होती. तिच्या हातांत काचेच्या बांगड्याच होत्या. पाटल्यांविषयी आम्ही काही विचारले नाही.

त्याचा चेहरा पाहून आम्ही विषय बदलावा म्हणून ग्लासगोची हकीकत सांगितली. ३ जुलै १८८३ रोजी तेथील क्लाइड नदीत 'डॅफ्नी' नावाची आगबोट कारखान्यातून पाण्यात सोडली. उरलेले काम लगेच करता यावे म्हणून सुमारे दोनशे कामगार आधीच आत होते. बोट पाण्यात शिरताच एका अंगावर कलली, सुटे सामान आणि माणसे त्याच अंगाला घसरली, आणि १२४ जीव गेले. मामांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पाण्यात उतरण्याआधीच दोनशे? आम्ही दोनच चढवतो." विषय बदलण्याचा आमचा प्रयत्न असा फसला, पण मामांच्या गणिताचा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला.

सोमवारी सकाळी भरतीची वेळ काढली ती पंचांगावरून. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते, हा कोकणचा जुना हिशेब. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. होडी लोटावयाची ती भरती चढत असताना, पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी. पाणी जवळ आलेले असते म्हणून ओढण्याचे अंतर कमी. आणि चुकून होडी टेकलीच, तर वाढते पाणी तिला उचलते. ओहोटीत टेकलेली होडी मात्र मिनिटामिनिटाला जड होत जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी वर चढते, अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ते तितके येत नाही. म्हणून वर चढविलेली जड होडी उतरविण्यास उधाणच बरे.

होडीचे तोंड समुद्राकडे आदल्या संध्याकाळीच फिरवून ठेवले होते. वाटेत तेल चोपडलेले ओंडके आडवे मांडले. नारळ वाहून झाला, मामांनी समुद्राला हात जोडले. इतक्यात आम्हांलाही स्फुरण चढले. धोतराचा काचा मारून आम्ही पुढे झालो आणि होडीच्या नाळेपाशी, पाण्याच्या बाजूस उभे राहून जोर लावू लागलो. मामांचा आवाज कडाडला, "मास्तर, थंय रावूं नाकात! दर्याक पाठ करूं नाकात!" तेथे उभे राहू नका, समुद्राकडे पाठ करू नका. आम्ही बाजूला झालो न झालो तोच एक लाट आली, होडी उचलली गेली आणि हातभर मागे येऊन जेथे आमचे पाय होते तेथे धप्पकन बसली. शाळेत मुले ज्यांच्या आवाजाला घाबरतात त्या मुख्याध्यापकांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता, हे आमच्या सौभाग्यवती अजून घरी आल्यागेल्यास सांगतात. होडी आणि समुद्र यांच्या मध्ये, किंवा लाट होडीला ज्या बाजूस ढकलील त्या बाजूस, माणसाने उभे राहावयाचे नसते. भरल्या पिंपासारखी ती अंगावर येते. मग हातांनी अडविणे व्यर्थ.

पुढचे आम्ही कोरड्या वाळूवरून पाहिले. नाळ पाण्याला लागताच सारे थांबले. आम्हांला वाटले, काही अडले. मामा लाटा पाहत होते. लाटा साऱ्या सारख्या नसतात. तीन-चार थोरल्या लागोपाठ येतात, मग थोडा विसावा मिळतो. हा विसावा ओळखणे म्हणजेच तांडेलपण. पाच मिनिटे गेली असतील. एक तरुण उतावीळपणे म्हणाला, "आता जाऊ या ना!" कोणी उत्तर दिले नाही. मग थोरल्या लाटांचा जथा फुटून गेला आणि मामा ओरडले, "लोट!" आठ माणसांनी दोन्ही अंगांनी होडी रेटली, तोंड लाटेला काटकोनात. आत दोघेच, दोन्ही बाजूंनी एकेक, वल्ही घेऊन चढलेले. जाळे तळाशी मध्यावर बांधलेले. इंजिन वर उचललेलेच. बाकीच्यांनी छातीएवढ्या पाण्यात जाईपर्यंत होडी सरळ धरली, आणि एकाने मागची दोरी हातातून सोडली नाही. वल्ह्यांनी आणखी वीस-पंचवीस हात पुढे गेल्यावर विद्यार्थ्याने इंजिन खाली केले. एका ओढीत ते सुरू झाले. कोरड्यावर त्याने ते चालवून पाहिले नव्हते. इंजिन पाण्यानेच थंड होते, हवेत फिरविले तर पाण्याचा पंप जळतो. त्याने आदल्या दिवशी पिंपात पाणी भरून त्यात ते तपासले होते.

शहरातील हौशी होडीमालकांची तऱ्हा वेगळी. ते जीपमागे ट्रेलरवर होडी आणून नदीच्या उतरत्या धक्क्यावरून सोडतात. तेथे शेवाळावरून जीपच पाण्यात घसरते. पुढचा आकडा घाईने आधीच सोडला, तर होडी सिमेंटवर आदळते. मागचा पट्टा सोडावयाचा राहिला, तर ती तरंगतच नाही आणि मागे पाणी घेते. त्यांनाही हीच सवय लावून घ्यावी लागते : साऱ्या गाठी आणि बुच धक्क्याच्या वर, सपाट जागी, दुसऱ्यांची वाट न अडविता तपासावयाची, पुढचा आकडा तेवढा होडी तरंगल्यावर सोडावयाचा. पण त्या शास्त्रात आम्ही अधिकारी नव्हे.

होडी काणकोण बेटाच्या टोकाशी पोहोचली तेव्हा विद्यार्थ्याने हात वर केला. त्याच्या पत्नीने आमच्या सौभाग्यवतींना हळूच विचारले, "बाई, बुच लावलेले तुम्ही पाहिले ना?" पाहिले होते; देव्हाऱ्यातून बुच उचलून त्याने लावले ते त्यांच्यासमोरच. तरी तिचे समाधान झाले नाही. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती तेथेच उभी होती.

इकडे मामा वाकून ओंडके गोळा करू लागले होते. अकरा वाजत आले होते आणि पाणी अजून चढत होते. "उचला मास्तर," ते म्हणाले, "नाहीतर दर्या नेईल आणि संध्याकाळी होडी वर कशावर घ्यायची?" दोन ओंडके काखेत मारून आम्ही त्यांच्या मागे माडांकडे चालू लागलो.