लिहून देणार क्रमांक दोन

"थर्टी फर्स्टला कुठे?"

हा प्रश्न आमच्या ऑफिसात दिवाळीचा आकाशकंदील उतरायच्या आतच सुरू होतो. लोणावळा, अलिबाग, फारच जोर असला तर गोवा. २०२४च्या डिसेंबरात मी उत्तर दिलं, "अहमदपूर. दुय्यम निबंधक कार्यालय." टीममधल्या दिल्लीकराला वाटलं, एखाद्या नव्या पबचं नाव असावं. "कूल नेम, यार!" म्हणाला.

तर या कूल ठिकाणी मला एक सही करायची होती. हक्कसोडपत्रावर.

ज्यांचं गाव आता फक्त आजीच्या गोष्टींत उरलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. शेतकरी बाप गेला की सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. बायको, मुलगे, मुली, सगळ्यांची. मग काही महिन्यांनी मुलींना गावाकडून फोन येतो, 'ताई, एक सही लागतीय.' ताई येते, सही करते, भाऊ साडी घेतो, सगळे मिळून जेवतात आणि सातबारा 'मोकळा' होतो. गावात शब्द हाच वापरतात. मोकळा! जणू काही आमची नावं म्हणजे रानात माजलेलं गवत.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. नांदेड-लातूर हमरस्त्यावर शिरूर ताजबंदला उतरायचं आणि मग आत वळायचं. हमरस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की गाडीत झोप लागते. पण फाट्यावरून आत वळलं की झोप आपोआप मोडते. सकाळी एक एसटी, संध्याकाळी एक, आणि मध्ये कुणाची मोटारसायकल मिळाली तर. बालाघाटाच्या डोंगरातली ही रानं. खाली काळी माती लागली तर नशीब, नाहीतर वीतभर मातीखाली मुरूम. आमची साडेसात एकर. तिच्यात विहीर आहे, विहिरीत पाणी संक्रांतीपर्यंत. पुढचं देवाच्या हातात.

आप्पा २०२३च्या उन्हाळ्यात गेले. तेराव्यानंतर भावाने तलाठ्याकडे कागद दिले. (तलाठ्याला २०२४पासून 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं आहे. आमच्या गावात अजून कुणी म्हणत नाही.) आईने दाखवलं तिथे सही केली. मी पुण्याहून आधारची झेरॉक्स पाठवली. सातबाऱ्यावर तीन नावं आली: आई, भाऊ, मी. ऑनलाइन उतारा काढला तेव्हा मीटिंगमध्ये होते. स्क्रीनवर आपलं नाव बघितलं आणि काय सांगू... वाकडच्या टू बीएचकेच्या कागदांवरही माझं नाव आहे, पण त्याच्या शेजारी बँकेचं आहे आणि ते अजून सोळा वर्षं राहणार आहे. हे नाव मात्र फुकट आलं होतं. आप्पांकडून.

दीड वर्षाने भावाचा फोन आला.

"ताई, येळवशीला यायलीस ना? येळवस सोमवारी हाय, त्या दिशी कचेऱ्या बंद. मंगळवारी सकाळी जाऊन येऊ अहमदपूरला. बाँड रायटरला सांगून ठेवलंय."

माझा धाकटा भाऊ काही सिनेमातला व्हिलन नाही, हे आधीच सांगते. आप्पांना दोन वर्षं लातूरला दवाखान्यात नेणं-आणणं त्यानेच केलं. मी कुरिअरने गोळ्या पाठवल्या आणि व्हिडिओ कॉलवर काळजी केली. शिवाय त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सामाईक सातबारा म्हणजे कटकट असते. पीककर्जाला तिघांची संमती, अतिवृष्टीचं अनुदान आलं की तिघांचं संमतिपत्र. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि त्याच्या हातात पडले चार हजारांच्या आसपास. पाडव्याला सालगडी ठेवायचा तर त्याचंही गणित बसत नव्हतं. अशा माणसाला 'माझा हिस्सा' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि मी तरी ती जमीन घेऊन काय करणार? वीकेंडला पुण्याहून जाऊन तूर काढणार?

एक कबुली मात्र द्यायला हवी. त्या रात्री मी मोबाइलवर फाट्याजवळच्या एन.ए. प्लॉटचे भाव बघितले. नंतर स्वतःचीच लाज वाटून सर्च हिस्टरी पुसली. नवऱ्यापासून नाही हो, स्वतःपासून!

कायदा माझ्या बाजूने होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या हिश्शात बायको, मुलगा, मुलगी यांना सारखं धरलंय. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला आणि देशाने २००५मध्ये. ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टाने तर सांगून टाकलं की २००५ला वडील हयात होते की नव्हते, याने काही फरक पडत नाही. सगळं छान. फक्त हे कोर्ट आमच्या फाट्यावर उतरत नाही.

या सगळ्यात मला आठवण आली ती जाकार्तातल्या एका सहकाऱ्याची. २०१९मध्ये प्रोजेक्टसाठी मी तिथे तीन महिने होते. तो मूळचा पश्चिम सुमात्रातला, मिनांगकाबाऊ समाजाचा. गाव पार डोंगरात, भाताच्या खाचरांमध्ये. एकदा कॅन्टीनमध्ये घरचा विषय निघाला तेव्हा तो सहज म्हणाला, "जमीन? ती बहिणीची." त्यांच्यात पिढीजात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. तरुण मुलं नशीब काढायला बाहेर पडतात, त्याला 'मरांताऊ' म्हणतात. म्हणजे आमच्या हिंजवडीसारखंच, फक्त उलट्या दिशेने! मी मनातल्या मनात बायकांच्या राज्यात पोचलेच होते, तेवढ्यात त्याने पुढचं वाक्य टाकलं. कारभार मामा बघतो. वंशाच्या जमिनीचं काही करायचं तर त्याचा शब्द लागतो. म्हणजे जमीन बायकांची आणि शब्द मामाचा. माझा उत्साह जरा ओसरला, पण "ती बहिणीची" हे त्याने ज्या सुरात म्हटलं, तो सूर डोक्यात राहिला. त्यात उपकार नव्हते, रुसवा नव्हता. 'पाऊस पडतोय' म्हणावं तसं म्हणाला.

असो. येळवस.

लातूरकडचं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्याला या दिवशी पुण्या-मुंबईत चेहरा पाडून बसलेलं तुम्ही बघितलं असेल. कॅलेंडरवर वेळा अमावस्या. सगळं गाव कुलूप लावून रानात जातं. कडब्याची खोप, तिच्यात मांडलेले पाच पांडव म्हणजे पाच दगड, आणि जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं थंडगार आंबिल. भज्जी म्हणजे वडापावच्या गाडीवरची भजी नव्हे बरं का! सगळ्या कोवळ्या शेंगा, हिरवा हरभरा, भाज्या, बेसन आणि चिंच एकत्र शिजवून केलेला तो प्रकार आहे आणि त्याला जगात पर्याय नाही. आंबिलाचे तीन तांबे झाले की माणूस तुरीच्या सावलीत आडवा होतो. सीईओ असला तरी.

त्या सावलीतच आत्या माझ्याजवळ येऊन बसली.

आत्याने १९९८मध्ये अंगठा दिला होता. आजोबा गेल्यावर, अहमदपूरलाच. किती जमिनीवरचा हक्क सोडला ते तिला त्या दिवशी माहीत नव्हतं. पुढे तिचा नवरा गेला. सासरच्या जमिनीवर तिचं नाव लागायला अकरा वर्षं गेली, तोवर ती दिरांच्या रानात रोजाने खुरपत होती. त्याच रानात, जिथे नवरा असताना भाकरी घेऊन जायची. आप्पा दर येळवशीला तिला आणायचे, साडी घ्यायचे. कधी चुकले नाहीत. आप्पा वाईट नव्हते हो. कुणीच वाईट नव्हतं.

"उद्या जायलीस म्हणं सही कराया," आत्या म्हणाली.

"हो."

"अंगठा दिला की माहेर ऱ्हातंय, म्हणले होते मला." तिने उंड्याचा तुकडा मोडला. "ऱ्हायलं की. वर्साला दोन दिसाचं."

एवढंच बोलून ती आईला हाक मारत उठून गेली. मला काही सल्ला द्यायचा म्हणून ती बोलली असंही मला वाटत नाही. पण मला पुढची खीर गोड लागली नाही.

३१ डिसेंबर, सकाळी अकरा. पुण्याच्या ग्रुपवर बोनफायरचे फोटो पडायला लागले होते आणि आम्ही बाँड रायटरच्या टपरीसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कागद टाइप होऊन तयार. मी वाचायला घेतला. 'लिहून घेणार' म्हणून भाऊ. 'लिहून देणार क्रमांक दोन' म्हणून मी.

क्रमांक एक कोण?

आई.

खरंच सांगते, दीड महिना मी माझ्या सहीचा विचार करत होते. माझं माहेर, माझं नाव, माझा ईगो. आईचंही नाव निघणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोनवर भाऊ 'सातबारा मोकळा' म्हणाला होता, त्याचा अर्थ मी फक्त माझ्यापुरता लावला होता. एमबीए केलेली बाई मी!

मी आईला म्हटलं, "तुला माहितीय ना, यात तूही तुझा हिस्सा सोडतेयस?"

आईने भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्या बाँड रायटरला विचारलं, "किती हाय हो माझं?"

तो बिचारा सरळ माणूस. रोजचंच काम असल्याच्या सुरात म्हणाला, "तिघं समान, मावशी. साडेसात एकरात अडीच-अडीच एकर."

"अडीच एकर? माझ्या नावावर?"

"दीड वर्ष झालं की."

चाळीस वर्षं तिने त्या रानात पेरलं, खुरपलं, काढलं. कुणाचं रान विचारलं तर 'मालकाचं' म्हणायची, मग 'पोराचं' म्हणायला लागली. आता ती खुर्चीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. काय मोजत होती ते मी विचारलं नाही. मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आज नको. पोटात कसंतरी होतंय."

भावाचा चेहरा उतरला. रागावला म्हणण्यापेक्षा दुखावला. "म्या तुला रानातून हाकलणार हाव का, माय?" असं तो तिथे, त्या गर्दीत, तिला विचारत होता. आणि तो हाकलणार नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. आत्याला तरी तिच्या दिरांनी कुठे हाकललं होतं? मी काहीच बोलले नाही. परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. त्याने साडी आणली होती, दोन साड्या. त्या पिशवीतच राहिल्या. रात्री बारा वाजता गावात एक फटाका वाजला आणि कुत्री भुंकायला लागली. हॅपी न्यू इयर.

पुढचे दोन महिने भावाचा फोन नाही. भावजयीचा 'गुड मॉर्निंग'चा गुलाबही बंद. भावकीत चर्चा झालीच: पुण्याच्या पोरीने आईला फितवलं. त्यात तथ्य नाही असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तो प्रश्न मी विचारला नसता तर आईने सही केली असती.

मग एका दुपारी, क्लायंट कॉल चालू असताना, फोन वाजला. "ताई, ओटीपी आला का?" २०२५मध्ये सगळीकडे शेतकरी ओळख क्रमांकाची धावपळ सुरू होती आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची नोंदणी करायची होती. मी म्यूट करून सहा आकडे वाचून दाखवले. "जेवलीस का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

जूनमध्ये पुन्हा फोन. या वेळी तक्रार. "तुझ्या आईला समजावून सांग जरा. म्हणायलीय, माझ्या अडीच एकरात औंदा सोयाबीन पेरू नको, मूग पेर. कोणचं अडीच एकर? वाटणी झालीय का? तर विहिरीकडचं दाखवायलीय!" विहिरीकडचं म्हणजे सगळ्यात चांगलं. मला हसू आवरेना, आणि तोही शेवटी हसला. मूग पेरला. ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात जो पाऊस मराठवाड्यावर कोसळला, त्यात मुगाला शेंगेतच मोड आले. सोयाबीन पाण्यात उभं राहून काळं पडलं. दोघांचंही गेलं.

माझ्या सहीचं मी अजून ठरवलेलं नाही. भाऊ विचारत नाही, मी विषय काढत नाही. कधीतरी करेन बहुतेक. माझ्यापुरती.

नुकसानभरपाईच्या वेळी भावाने संमतिपत्राचा फोटो पाठवला. तिघांची नावं, तिघांच्या सह्यांच्या जागा. माझी रिकामी होती, त्याची झाली होती. आईची सगळ्यात वर, चौथीतल्या अक्षरात, जागा कमी पडल्यामुळे आडनावाची शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत उतरलेली. ती नेमकी माझ्या जागेत आली होती, म्हणून मी माझी सही थोडी बाजूला केली आणि फोटो परत पाठवला.