स्वस्त विमा, पण कशाचा?

मैत्रिणींनो, गाडीचा विमा म्हणजे पुरुषांचं खातं, असंच मी धरून चालले होते. यंदा खामगावच्या आमच्या घरी एजंटाने अगदी कमी हप्त्याचा कागद पुढे केला. ह्यांनी सहीसाठी पेन काढलं, तोच मी चष्मा लावून वाचलं. विमा फक्त ‘थर्ड पार्टी’! १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा, तेवढाच. दुसऱ्याची भरपाई होईल. पण राजूर घाटात आपलीच गाडी कठड्याला घासली तर? ह्यांच्या फंडाच्या पैशातून घेतलेली ती गाडी! म्हणून पूर्ण विमाच घेतला आणि ‘नो क्लेम बोनस’ मागितला. वर्षभर क्लेम नसेल, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग पाच वर्षांनी ५० टक्के. मात्र मुदत उलटून ९० दिवस झाले, की ती बुडालीच. तेव्हा बायांनो, वाण्याच्या बिलासारखाच हाही कागद तपासा बरं!