एक आणि एक दोन

परग्रहावर बुद्धिमान प्राणी आहेत की नाहीत, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न. असले तर ते दिसतात कसे, हा कादंबरीकारांचा. आणि ते खरोखर दारात उभे राहिले तर चहा कपातून द्यायचा की घंगाळातून, हा आमच्या घरातला. शास्त्रज्ञ पुराव्यावाचून बोलत नाहीत आणि कादंबरीकार पुराव्याची वाट पाहत नाहीत. मी पडलो कॉमर्सवाला. तेव्हा मी आपला कादंबरीकारांच्या बाजूला.

या पाहुण्यांची आवक फार जुनी आहे. १७५२ साली व्हॉल्टेअर या फ्रेंच गृहस्थांनी थेट व्याधाच्या ताऱ्याकडून एक पाहुणा आणला. नाव मायक्रोमेगास. उंची १,२०,००० फूट आणि ज्ञानेंद्रिये जवळजवळ १,०००. वाटेत त्याला शनीवरचा एक विद्वान भेटतो. हा बिचारा बुटका, जेमतेम ६,००० फुटांचा. इंद्रिये ७२. आता ७२ इंद्रियांच्या मालकाने सुखी असावे की नाही? पण नाही! त्याची तक्रार, पुरत नाहीत. आणि हजारवाल्याचे रडगाणेही तेच. महागाई भत्ता कितीही वाढला तरी महिन्याची पंचवीस तारीख कोणाला चुकली आहे?

हे दोघे पृथ्वीवर येतात तेव्हा त्यांना माणूस मुळी दिसतच नाही. हिऱ्याच्या भिंगातून दिसतो तेव्हा या किड्याला अक्कल असेल हे पटत नाही. पण त्यातलाच एक किडा शनिवाल्याची उंची मोजून बिनचूक सांगतो आणि पाहुणे गार पडतात. हिशेब येतो म्हटल्यावर मान मिळाला. हे वाचून माझी कॉलर थोडी ताठ झाली, हे नाकारत नाही.

पण १८९८ साली एच. जी. वेल्स यांनी मंगळावरची मंडळी उतरवली आणि सगळीच गंमत गेली. प्रचंड डोके, सोळा सोंडा आणि पोटाचे खातेच बंद. दुसऱ्याचे रक्त सरळ आपल्या शिरांत भरून घ्यायचे. बुद्धी अफाट, पण माणसाशी दोन शब्द बोलावेत असे त्यांना एकदाही वाटत नाही. मात्र त्यांना नावे ठेवण्याआधी वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला आठवण देतात, की बाबांनो, गोऱ्या वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या माणसांचे काय केले ते आधी पाहा. म्हणजे रक्तपिपासू पाहुणा शोधायला मंगळापर्यंत जायचे कारण नव्हते.

मला खरा घाम फोडला तो वेल्स यांच्याच १९०१ सालच्या चंद्राने. तिथे जमिनीखाली मुंग्यांच्या वळणाची माणसे राहतात आणि प्रत्येकाला लहानपणापासून त्याच्या कामाच्या मापाने घडवतात. ज्याला पुढे यंत्र चालवायचे, त्याला बालपणीच बरणीत कोंबायचे. फक्त पुढचे हात बाहेर. हात वाढतात, बाकीचा देह आत तसाच.

मी वीस वर्षे कॅश काउंटरच्या काचेमागे बसतो. त्या काचेला खाली एक अर्धगोल भोक आहे आणि त्यातून माझा फक्त हात जगाला ठाऊक आहे. परवा मंडईत दर महिन्याला पेन्शन न्यायला येणाऱ्या आजी भेटल्या. मी नमस्कार केला, ओळख पटेना. बँकेचे नाव सांगितले, तरी नाही. शेवटी मी नोटा मोजल्यासारखी बोटे हलवली. तेव्हा म्हणाल्या, “अगं बाई, तुम्ही होय! बाकी कधी पाहिलंच नव्हतं हो!”

याच चंद्रावर काम नसलेल्या कामगाराला औषध देऊन झोपवून ठेवतात. काम निघाले की उठवायचे. केव्हर नावाचा इंग्रज प्रवासी हे पाहून आधी शहारतो. मग त्याच्या मनात येते, आपण माणसाला कारखान्यातून काढतो आणि रस्त्यावर उपाशी फिरू देतो, त्यापेक्षा हे बरेच नव्हे का? इथे हसायचे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या सगळ्या गर्दीत मला मनापासून आवडलेला पाहुणा एकच. १९३४ साली स्टॅन्ली वाइनबॉम या अमेरिकन तरुणाने मंगळावर रंगवलेला ट्वील. दिसायला साधारण शहामृग. चालायचा कंटाळा, म्हणून उंच उडी मारायची आणि चोचीवर उतरायचे! जार्व्हिस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाशी त्याची गाठ पडते. त्याची भाषा जार्व्हिसला शेवटपर्यंत येत नाही. ट्वील मात्र इंग्रजीचे पाच-सहा शब्द उचलतो आणि मदतीला हिशेब घेतो. वाटेत एक प्राणी दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकून स्वतःभोवती मनोरा रचत असतो. ट्वीलचा शेरा असा, की याला एक आणि एक दोनही येत नाही. पुढे पिंपासारखे प्राणी अखंड हातगाड्या ढकलताना दिसतात. त्यांना एक आणि एक दोन येते, दोन आणि दोन चार येत नाही. इतका नेमका गोपनीय अहवाल मी आमच्या खात्यात पाहिलेला नाही.

मग ते पिंपवाले चवताळून अंगावर येतात. ट्वीलला एका उडीत पळून जाता आले असते. तो जात नाही, जार्व्हिसच्या शेजारी उभा राहून लढतो. आणि शेवटच्या पानावर कळते, की पिंपवाल्यांचा एक चमकणारा स्फटिक जार्व्हिसच्या खिशात होता. म्हणजे माल उचलला माणसाने आणि जीव धोक्यात घातला शहामृगाने. हिशेबात कोण कच्चा, ते तुम्हीच ठरवा.

तो स्फटिक रोगट पेशी मारणारा आणि निरोगी पेशींना धक्का न लावणारा होता. ही कथा छापून आल्यावर दीड वर्षाच्या आत, डिसेंबर १९३५ मध्ये, वाइनबॉम कर्करोगाने गेला. वय ३३. चोरीचा का होईना, तो स्फटिक त्याच्यापर्यंत पोचायला हवा होता, असे मला वाटते. ट्वीलने त्यालाही हरकत घेतली नसती.