पहिले चार शब्द

मलकापूरच्या रेल्वे स्थानकाकडून बुलढाण्याकडे निघालेला रस्ता काळ्याभोर सपाट रानातून जातो. मोताळा जवळ येते तेव्हा दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेची निळसर कड दिसू लागते. पुढे राजूर घाट चढला की बुलढाणा. जुन्या वऱ्हाडात खालच्या सपाटीला पयनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. मोताळा हे त्या दोहोंच्या उंबरठ्यावरचे गाव. नळगंगेचे धरण जवळ, शेतांत कापूस, मका, सोयाबीन, आणि बाजारात तालुक्याच्या गावाची नेहमीची वर्दळ. प्रवासवर्णनात नाव यावे असे इथे काय आहे, असा प्रश्न वाटसरूला पडला तर नवल नाही.

तरीही या पट्ट्यातील व्यापारी घरांत एका प्रवासाची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कोणी पणजोबांची सांगतो, कोणी खापरपणजोबांची. तपशील बदलतात, गाभा एकच असतो: लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, बरोबर ओळखीच्या माणसाचे नाव आणि तोंडात मराठीचा एकही शब्द नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर मार्ग पुरा झाला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकण्यात आला. कापसाच्या मागे पैसा आला, पैशाच्या मागे माणसे आली.

त्या मुलांनी भाषा कशी आत्मसात केली, याचा विचार मात्र क्वचितच होतो. व्याकरण त्यांना कोणी शिकवले नाही. ते आधी शिकले ती मापे: मण, खंडी, पायली. मग दिवसांची आणि सणांची नावे, कारण वसुली सुगीवर आणि उधारी सणावर चालते. मग नाती: बाप्पू, माय, भाऊ. गिऱ्हाईक काय म्हणते ते कळण्याआधी त्याला काय हवे ते कळू लागले. चोपड्या मात्र महाजनी लिपीतच राहिल्या. त्या लिपीत काना-मात्रा नसत. ‘काकाजी अजमेर गए’ हे ‘काकाजी आज मर गए’ असे वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद आजही लग्नघरी सांगितला जातो आणि सगळे नव्याने हसतात. भाषेवाचून होणारी फजिती या समाजाला परकी नाही. तिच्यावर हसता येण्याइतका तो तिच्यातून तावून सुलाखून निघाला आहे.

आता त्याच घरांतील नातवंडे उलट दिशेने निघाली आहेत. पाठीवर एक पिशवी टाकून, एकट्याने, दोन-तीन महिने दक्षिण अमेरिकेत किंवा आग्नेय आशियात हिंडून येण्याची भाषा ती करतात. ही भाषा घरात उच्चारली गेली की वडीलधाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, खाशील काय? आणि दोन, बोलशील कोणाशी? हे प्रश्न भित्रेपणाचे समजून टाळणे योग्य नव्हे. ज्या घरात पाणी गाळून पितात, सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य मानतात, तिथे ताटात काय येणार हा प्रश्न मुलाच्या जगण्याचाच असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाषेतच दडलेले आहे. स्पॅनिश भाषेत मांसाला ‘कार्ने’ म्हणतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे पाठ करून गेलेला प्रवासी पहिल्याच खानावळीत फसतो, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस किंवा लाल मांस. कोंबडी त्यात येत नाही, मासा येत नाही, अंडे तर नाहीच. वाढणारी बाई अगदी मनापासून मांसाशिवायचा भात आणून ठेवते आणि तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. तिने फसवलेले नसते, विचारलेल्या प्रश्नाचे तिने खरे उत्तर दिलेले असते. म्हणून तिथे चार शब्द हवेत: कार्ने, पोयो, पेस्कादो, ऊएवो. मांस, कोंबडी, मासा, अंडे. प्रत्येकापुढे नकार जोडायचा आणि मग रश्श्याचे वेगळे विचारायचे. अर्जेंटिनात ‘पोयो’चा उच्चार ‘पोशो’ होतो, एवढे ध्यानात ठेवले की मेक्सिकोपासून चिलीपर्यंत बरेचसे निभावते. ब्राझील तेवढे वेगळे, तिथली भाषा पोर्तुगीज.

याहून सोपा मार्ग म्हणजे त्या त्या देशाच्या स्वतःच्या व्रताचा शब्द शोधणे. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान दिसले की तिथे मांस, मासा, अंडे, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. तैवानात ‘सू’ या शब्दामागे बौद्ध मठांची परंपरा आहे आणि तीतही कांदा-लसूण वर्ज्य मानतात. इथिओपियातील ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी ‘त्सोम’ पाळतात. त्या दिवशी ‘त्सोम’ एवढा एक शब्द उच्चारला की मोठ्या भाकरीसारख्या इंजेरावर डाळी आणि भाज्या येतात. त्या शब्दाबरोबर वाढणाऱ्याच्या नजरेत एक ओळखही येते. परका माणूस काहीतरी विचित्र मागतो आहे असे त्याला वाटत नाही. आपल्यासारखाच हा कोणी नेम पाळणारा आहे, असे वाटते. सावधगिरी मात्र हवी. ग्रीसमधील उपवासाच्या अन्नात कोळंबी चालते. बटाटा आणि इतर कंदमुळे तर यांपैकी कोणतीच परंपरा वर्ज्य मानत नाही, तेव्हा तेवढे निराळे सांगावेच लागते.

व्रत सांभाळून परक्या भूमीत चालत गेलेल्यांत सतीशकुमार यांचे नाव या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. नवव्या वर्षी तेरापंथात दीक्षा घेतलेले आणि तरुणपणी ती सोडून विनोबांकडे गेलेले हे गृहस्थ १९६२ मध्ये ई. पी. मेनन या सहकाऱ्यासह अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून वॉशिंग्टनकडे पायी निघाले. समुद्र ओलांडण्यापुरता अर्थातच जहाजांचा आधार होता. पैसे जवळ ठेवायचे नाहीत आणि शाकाहार सोडायचा नाही, ही विनोबांनी घालून दिलेली दोन बंधने. पाकिस्तानच्या सीमेवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्याने वाटेत लागतील म्हणून खाण्याची पुडकी पुढे केली, तेव्हा ही अन्नाची नव्हे, अविश्वासाची पुडकी आहेत, अशा अर्थाचे बोलून त्यांनी ती परत केली. पलीकडे पाऊल टाकताच एक अनोळखी पाकिस्तानी गृहस्थ त्यांना घरी न्यायला उभा होता. पण ते दोघे होते. एकट्याने, भाषेवाचून, देशामागून देश ओलांडणाऱ्या माणसाचे उदाहरण मराठीत याहून साठ वर्षे जुने आहे.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील सांखवाळ गावी झाला. शिक्षण जेमतेम, घरी नारळाची बाग, चौदा-पंधराव्या वर्षी विवाह. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या एका वाचनाने त्यांच्या मनाचा ठावच सुटला. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या.

ते प्रथम पुण्यास आले, तेथून ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. १९०२ मध्ये बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले. जे पाहिले त्याने निराशा पदरी आली. बुद्धगयेस एका भिक्षूने सांगितले की धर्म शिकायचा तर सिंहलद्वीपास जा. जवळ पैसा नाही, इंग्रजीचा गंध नाही, तमिळ किंवा सिंहली कानावरही पडलेली नाही, अशा स्थितीत कलकत्ता आणि मद्रास करीत ते कोलंबोस पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपुढे जाऊन उभे राहिले.

बोलायचे कोणाशी, याचे कोसंबींनी दिलेले उत्तर इथे सुरू होते. सिंहली बाजारभाषा शिकण्यात त्यांनी फार काळ घालवला नाही. संस्कृत त्यांच्यापाशी होतेच, तिच्या आधाराने ते पालीत उतरले. पाली ही कोणाच्याही घरात बोलली जाणारी भाषा नव्हती. पण सिंहलातला भिक्षू ती जाणत होता, ब्रह्मदेशातला जाणत होता, सयामातलाही. प्रत्येक देशाने ती आपल्या लिपीत लिहिली होती, म्हणून लिपी मात्र दर देशी नव्याने गिरवावी लागे. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर तिथल्या विहारांतही हीच भाषा त्यांच्या कामी आली. मोताळ्याच्या दुकानात मण आणि पायलीने जे काम केले, तेच काम कोसंबींसाठी रंगून आणि मंडालेत पालीच्या गाथांनी केले.

सहा-सात वर्षे हा प्रवास चालला. कधी श्रामणेर, कधी भिक्षू, कधी केवळ वाटसरू, आणि बराचसा पायी. १९०६ मध्ये ते परतले, कलकत्त्यास पाली शिकवू लागले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले. १९१० मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले, तेव्हा मासिकातील एका लेखामुळे घर सोडलेला हा माणूस अमेरिकेत ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनास बसला. श्रेय कोणाचे यावरून तिथे मतभेद झाले आणि ते परत आले, पुढे पुन्हा गेले. तो ग्रंथ हार्वर्डने छापला १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर.

त्यांनी ‘निवेदन’ या नावाने आत्मवृत्त लिहिले. त्यातला प्रवास वाचून तरुण मन उचंबळते हे खरे. पण घर चालवणाऱ्यांनी ते वाचताना मागे राहिलेल्या दोघींचाही विचार करावा. नवरा कुठल्या देशात आहे, जिवंत आहे की नाही, हे कळण्याचे साधन पत्राखेरीज नव्हते आणि पत्र येईलच असे नव्हते. भाषेवाचून राहणे त्यांच्याही वाट्याला आले होते. कोसंबी परतल्यावर, १९०७ मध्ये, मुलगा झाला. तो पुढे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणून जगन्मान्य झाला. आज मोबाइलवर रोज रात्री चेहरा दाखवणारी मुले आणि तरीही झोप न लागणाऱ्या आया, यांनी बाळाबाईंच्या त्या वर्षांचा हिशोब एकदा मांडून पाहावा.

जैन वाचकांशी कोसंबींचे नाते सरळ नव्हते. प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी मांडलेल्या मतांना समाजातून तीव्र विरोध झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते. तेच कोसंबी आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र भगवान पार्श्वनाथांच्या विचाराकडे ओढले गेले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांत त्यांना सगळ्या श्रमण परंपरेचे मूळ दिसले. आयुष्यभर बुद्धाचा माग काढत हिंडलेल्या या वाटसरूच्या हातीही अखेर चार शब्दच आले. मोताळ्याहून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या किती यात्रेकरूंना हे पुस्तक ठाऊक असेल, कोण जाणे.

त्यांचा शेवटचा मुक्काम विदर्भात घडला. शरीर थकले, आजार बळावला आणि आता या देहाकडून कोणाची सेवा होणार नाही, असे त्यांना वाटू लागले. जैन परंपरेतील सल्लेखनेचा आदर्श त्यांच्या मनात होता. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात त्यांनी आहारत्याग आरंभला, पण गांधीजींच्या आग्रहामुळे तो सोडला. पुढे ते सेवाग्राम आश्रमात आले आणि पुन्हा आहार सोडला. ४ जून १९४७ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले.

मलकापूरहून नागपूरकडे जाणारी गाडी अकोला, बडनेरा ओलांडून वर्ध्याला पोहोचते. तिथून सेवाग्राम आश्रम काही किलोमीटरवर आहे. परदेशी निघालेल्या मुलाला मुंबईच्या गाडीत बसवून दिल्यावर घरच्यांना पुढे कधी सवड झाली, तर उलट दिशेची गाडी पकडून तिथे जाऊन येता येते. आश्रमाच्या परिसरात चप्पल काढून शांत बसायला भरपूर जागा आहे.